प्रमाण बदलते तेव्हा

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाची संहिता)



हीरक महोत्सव हा शब्द उच्चारला की हिऱ्याचे तेज डोळ्यांसमोर येते. रसायनशास्त्राच्या तासाला मात्र हिऱ्याबरोबर त्याच्या एका साध्या भावंडाचेही नाव घेतले जाते. ते भावंड म्हणजे ग्रॅफाइट. दोन्ही कार्बनचीच रूपे. हिरा मुकुटात जाऊन बसला आणि ग्रॅफाइट पेन्सिलीत शिरून शाळेत आले. आजचा विषय या धाकट्या भावंडाशी निगडित आहे. कर्करोगावरील किरणोपचारात रुग्णाला द्यावयाच्या मात्रेचे मोजमाप ज्या प्रमाण-उपकरणांवर आधारलेले असते, त्यांपैकी अनेकांच्या भिंती शुद्ध ग्रॅफाइटच्या असतात. २०१६ साली ग्रॅफाइटविषयीचा एक अंक नव्याने सुचवला गेला आणि देशोदेशींच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांना आपापली प्रमाणे तपासून दुरुस्त करण्याचे काम हाती घ्यावे लागले. हा अंक का बदलला, त्याने रुग्णाच्या उपचारात काय फरक पडला आणि मुलांना घडवणाऱ्या संस्थेने त्यातून काय घ्यावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मोजमापाचा प्रश्न मराठी घरांना नवा नाही. ज्या कुटुंबांनी दोन-तीन पिढ्यांपूर्वी गाव सोडून परप्रांतात बिऱ्हाड केले, त्यांच्या सामानात पितळी मापटे आणि लाकडी पायलीही आली असेल. नव्या गावच्या बाजारात मात्र ती पायली उपयोगाची नसे, कारण तेथील शेर निराळा आणि मणही निराळा. एकाच नावाचा मण प्रांतागणिक वेगळ्या वजनाचा असे. ही अडचण दूर करण्यासाठी स्वतंत्र भारताने १९५६ साली वजनमापांच्या प्रमाणांचा कायदा केला आणि टप्प्याटप्प्याने दशमान पद्धती आणली. १८७५ च्या आंतरराष्ट्रीय मीटर करारात भारत १९५७ मध्ये सामील झाला. ‘मापात पाप नको’ हे आपल्याकडचे जुने वचन. पाप टाळण्यासाठी नियत चांगली असावी लागतेच. त्याशिवाय, सर्वांनी मान्य केलेले एक माप कोठे तरी जपून ठेवावे लागते आणि त्याच्याशी आपले माप वेळोवेळी ताडून पाहावे लागते. अशा मापाला प्रमाण म्हणतात.

तांदळाचे माप डोळ्यांना दिसते. क्ष-किरण दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत आणि अंगावर पडले तरी त्या क्षणी जाणवत नाहीत. विल्हेल्म राँटगेन यांना १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचा शोध लागला आणि अल्पावधीतच डॉक्टरांनी त्यांचा उपयोग सुरू केला. परंतु किरण किती दिले, हे सांगायचे कसे? सुरुवातीच्या काळात रुग्णाची कातडी किती लाल झाली, यावरून अंदाज बांधला जाई. म्हणजे माणसाचे शरीर हीच तराजू होती आणि तिचा काटा हलेपर्यंत इजा होऊन गेलेली असे. गोऱ्या कातडीवर जी लाली लगेच दिसते ती सावळ्या कातडीवर दिसत नाही, हा दोष वेगळाच. १९११ मध्ये मारी क्यूरी यांनी रेडियमचा पहिला आंतरराष्ट्रीय नमुना सिद्ध केला. पुढे १९२५ साली लंडनमध्ये भरलेल्या क्ष-किरणतज्ज्ञांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मोजमापाच्या एककांसाठी एक समिती नेमली गेली आणि १९२८ च्या स्टॉकहोम परिषदेत ‘राँटगेन’ हे एकक स्वीकारले गेले. त्या समितीचे आजचे रूप म्हणजे प्रारणाची एकके व मापन यांसाठी काम करणारा आंतरराष्ट्रीय आयोग. आज शरीराने शोषलेली मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. लुई हॅरोल्ड ग्रे या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाचे नाव त्याला १९७५ मध्ये देण्यात आले. एक किलोग्रॅम पदार्थाने एक जूल ऊर्जा शोषली की ती मात्रा एक ग्रे होते.

‘मात्रा’ हा शब्द मराठीला वैद्यांनी दिला. उगाळलेली मात्रा थोडी कमी झाली तर लागू पडत नाही आणि जास्त झाली तर बाधते, हे घरोघरच्या आजींना ठाऊक होते. किरणोपचाराची स्थिती तीच आहे. एखाद्या रुग्णाला दररोज २ ग्रे याप्रमाणे पंचवीस-तीस बैठकांत ५० ते ६० ग्रे मात्रा दिली जाते. ती कमी पडली तर गाठीतील पेशी शिल्लक राहून रोग उलटतो. अधिक झाली तर शेजारचे निरोगी अवयव कायमचे दुखावतात. या दोन्हींच्या मधली वाट अरुंद आहे. म्हणून गाठीपर्यंत पोहोचणारी मात्रा ठरलेल्या मात्रेच्या पाच टक्क्यांच्या आत असावी, अशी शिफारस याच आयोगाने १९७६ मध्ये केली. प्रयोगशाळेतील प्रमाणापासून रुग्णाच्या गाठीपर्यंतच्या साऱ्या पायऱ्यांवरील चुका मिळून ही पाच टक्क्यांची मर्यादा आहे. रुग्णाची रोजची किंचित हालचाल, यंत्राचा स्वभाव, संगणकावरील आखणी या सर्वांनाच त्यात वाटा हवा असतो. साहजिकच पहिल्या पायरीच्या, म्हणजे राष्ट्रीय प्रमाणाच्या, वाट्याला टक्क्याचा अंशच येतो.

हा अंश गाठणे अवघड आहे, कारण मोजावयाची ऊर्जा अत्यंत थोडी असते. संपूर्ण शरीराला एकाच वेळी सुमारे ४ ग्रे मात्रा मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर तशा माणसांपैकी जवळजवळ निम्मी दगावतात. पण सत्तर किलो वजनाच्या देहात या मात्रेने शिरलेली एकूण उष्णता चहाच्या एका लहान घोटाइतकीच असते. घाव उष्णतेचा नसतोच. पेशींच्या गाभ्यातील रेणू तुटतात, तो घाव त्याचा असतो. पाण्याला १ ग्रे मात्रा दिली तर त्याचे तापमान एका अंशाच्या चार हजाराव्या भागाइतके वाढते. काही राष्ट्रीय प्रयोगशाळा ही वाढ प्रत्यक्ष मोजतात. त्यासाठी पाणी अतिशुद्ध आणि भोवतालचे तापमान कमालीचे स्थिर ठेवावे लागते. दैनंदिन वापरासाठी मात्र निराळा मार्ग रूढ आहे आणि तो हवेतून जातो.

किरण हवेतून गेले की हवेच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात, म्हणजे हवेचे आयनीभवन होते. लहानशा पोकळीत हवा कोंडून, दोन टोकांना विद्युतदाब देऊन हे सुटलेले विद्युतभार गोळा केले तर ते मोजता येतात. हाच आयनीभवन कक्ष. एक आयनजोडी निर्माण करण्यासाठी हवेत सरासरी सुमारे ३४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा खर्ची पडते. त्यामुळे भार मोजला की ऊर्जा कळते. शाळेत शिकवलेले बॉइल आणि चार्ल्स यांचे नियम येथे रोज कामाला येतात. इंदूरसारखे शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि तेथील हवेचा दाब समुद्रकाठच्या शहरापेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो. कक्षाच्या पोकळीत तेवढी हवा कमी भरते आणि वाचन कमी येते. दाब व तापमान यांची दुरुस्ती जो विसरेल, त्याची पाच टक्क्यांची सारी मर्यादा तेथेच संपेल. नववी-दहावीत घोकलेले सूत्र पुढे आयुष्यात कोठे उपयोगी पडते, असे मुले विचारतात. त्याचे एक उत्तर कर्करोग रुग्णालयाच्या तळघरात मिळते.

आता ग्रॅफाइट. पोकळीतील हवेत ऊर्जा टाकणारे इलेक्ट्रॉन बहुतांशी कक्षाच्या भिंतीतून येतात. हवेत पडलेल्या ऊर्जेवरून मूळ किरणांचे मान काढायचे, तर भिंतीचा पदार्थ इलेक्ट्रॉनला किती रोखतो आणि हवा किती रोखते, यांचे गुणोत्तर माहीत असावे लागते. विल्यम हेन्री ब्रॅग आणि ग्रे यांनी हा विचार मांडला. ग्रॅफाइट शुद्ध मिळते, त्याला अचूक आकार देता येतो आणि कार्बन हे हलके मूलद्रव्य आहे, म्हणून भिंतीसाठी ते निवडले गेले. पदार्थाची इलेक्ट्रॉनला रोखण्याची क्षमता ज्या राशीवर अवलंबून असते, तिला सरासरी उत्तेजन ऊर्जा म्हणतात. ग्रॅफाइटसाठी ती ७८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि पाण्यासाठी ७५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मानून अनेक वर्षे जगभर गणिते केली जात होती.

याच आयोगाचा ९० क्रमांकाचा अहवाल २०१६ मध्ये प्रकाशित झाला. मधल्या काळातील प्रयोगांचा साकल्याने आढावा घेऊन त्याने ग्रॅफाइटसाठी ८१ आणि पाण्यासाठी ७८ हे अंक सुचवले. हवेचा ८५.७ हा अंक कायम राहिला. ग्रॅफाइटचा अंक वाढल्यामुळे त्याची रोधक्षमता किंचित घटली आणि हवेशी असलेले गुणोत्तर बदलले. परिणामी कोबाल्ट-६० आणि सीझियम-१३७ यांच्या गॅमा किरणांसाठी ग्रॅफाइटच्या कक्षाने ठरवलेले हवेतील ‘केर्मा’चे मान पाऊण टक्क्याच्या आसपास खाली आले. किरणांनी हवेतील इलेक्ट्रॉनांना दिलेली गतिज ऊर्जा म्हणजे केर्मा. पॅरिसजवळील सेव्र येथील आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालयाने जानेवारी २०१९ पासून आपल्या प्रमाणांत हा बदल अमलात आणला. कोबाल्टचा स्रोत तोच राहिला, ग्रॅफाइटचा कक्ष तोच राहिला, त्याच्यावर पडणारे किरणही तेच राहिले. त्यांचे वर्णन करणारा अंक तेवढा बदलला.

या अहवालातील आणखी एक नोंद कमी गाजली, परंतु शिक्षणाच्या दृष्टीने ती अधिक मोलाची आहे. हवेत एक आयनजोडी निर्माण करण्यास लागणाऱ्या ऊर्जेचे मान ३३.९७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असे पूर्वीपासून मानले जात होते. अहवालाने तो अंक जसाच्या तसा ठेवला. बदलली ती त्याच्यापुढे लिहिली जाणारी अनिश्चितता. पूर्वी ती ०.१५ टक्के समजली जात होती. नव्या आढाव्यानंतर ती ०.३५ टक्के धरावी, असे ठरले. याचा अर्थ असा की जगातील निवडक तज्ज्ञ एकत्र बसले आणि त्यांनी लेखी मान्य केले की, उत्तर तेच आहे, पण त्याविषयीची आपली खात्री वाटत होती तेवढी पक्की नाही. वर्षानुवर्षांच्या अभ्यासानंतर ‘पूर्वीपेक्षा कमी खात्री आहे’ असे जाहीर करण्यास मोठे बौद्धिक धैर्य लागते. विज्ञानाची प्रगती नेहमी अधिक दशांश स्थळांच्या रूपानेच दिसते, असे नाही.

येथे कोणत्याही पालकाच्या मनात प्रश्न उभा राहील. घरातील ज्या माणसाने २०१९ पूर्वी किरणोपचार घेतले, त्याला चुकीची मात्रा मिळाली काय? याचे उत्तर स्पष्ट आहे आणि ते दिलासा देणारे आहे. बाहेरून दिल्या जाणाऱ्या किरणोपचारात आज मोजमाप मुख्यतः पाण्यातील शोषित मात्रेवर आधारलेले असते, कारण माणसाचे शरीर मोठ्या प्रमाणात पाण्यासारखेच वागते. त्या प्रमाणांत या बदलाने पडलेला फरक बहुतेक ठिकाणी पाऊण टक्क्याहून पुष्कळ कमी आहे. फरक प्रामुख्याने जाणवतो तो केर्मावर आधारलेल्या मोजमापांत. किरणसंरक्षणाची उपकरणे त्यांत येतात, आणि शरीराच्या आत गाठीजवळ बारीक स्रोत नेऊन करावयाच्या उपचारांतील स्रोताची शक्तीही त्याच परंपरेतून ठरते. तेथेही पाऊण टक्का हा पाच टक्क्यांच्या मर्यादेच्या बराच आत बसतो. शिवाय कोणत्या गाठीला किती ग्रे द्यावे, हे डॉक्टरांनी जुन्याच मोजपट्टीने मोजलेल्या रुग्णांच्या अनुभवावरून ठरवलेले आहे. म्हणून जुन्या रुग्णांविषयी हळहळ करण्याचे कारण नाही.

मग एवढ्याशा फरकासाठी सारी प्रमाणे बदलण्याचा खटाटोप कशाला, असा उलट प्रश्नही विचारला जाईल. त्याची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की लहान चुका एकट्या राहत नाहीत. प्रमाणात पाऊण टक्का, कक्षाच्या वाचनात एक टक्का, आखणीत दोन टक्के, आणि या साऱ्या एकाच दिशेने झुकल्या तर मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. ज्या पायरीवर दुरुस्ती शक्य आहे, त्या पायरीवर ती करून टाकणे हेच शहाणपणाचे. दुसरे उत्तर असे की प्रमाणाचे मूल्य सर्वांनी एकाच अर्थाने ते वापरण्यात असते. ट्रॉम्बे येथील १ ग्रे, टोकियोचा १ ग्रे आणि ओटावाचा १ ग्रे एकच असले, तरच एका देशातील रुग्णालयाने सिद्ध केलेली उपचारपद्धती दुसऱ्या देशातील डॉक्टर विश्वासाने वापरू शकतो. म्हणून निरनिराळ्या देशांचे प्रमाण-कक्ष सेव्रच्या कार्यालयाशी ताडून पाहिले जातात आणि तुलनेचे निष्कर्ष कोणालाही वाचता येतील असे प्रसिद्ध केले जातात. आपले माप इतरांपेक्षा किती हटते, हे प्रत्येक राष्ट्राला जगापुढे मांडावे लागते.

भारतात वजन, लांबी, वेळ यांची प्रमाणे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जपली जातात. आयनकारी प्रारणाच्या प्रमाणांची जबाबदारी मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राकडे सोपवलेली आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांनी १९७६ मध्ये उभारलेल्या दुय्यम प्रमाण-प्रयोगशाळांच्या जाळ्यातही हे केंद्र आहे. देशातील किरणोपचार केंद्रे आपले आयनीभवन कक्ष ठराविक काळाने अशा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे अंशशोधनासाठी, रुग्णालयातील रोजच्या भाषेत कॅलिब्रेशनसाठी, पाठवतात. परत येताना कक्षाबरोबर एक प्रमाणपत्र येते आणि त्यावर एक गुणक लिहिलेला असतो. कक्षाच्या वाचनाला त्या गुणकाने गुणले की खरी मात्रा मिळते. अशा रीतीने आंतरराष्ट्रीय कार्यालयापासून राष्ट्रीय प्रयोगशाळेपर्यंत, तेथून रुग्णालयाच्या कक्षापर्यंत आणि कक्षापासून मेजावर निजलेल्या रुग्णापर्यंत एक साखळी जोडली जाते. रुग्ण इंदूरचा असो, बडोद्याचा असो की हैदराबादचा. त्याच्या कागदावरील ‘२ ग्रे’ या शब्दांना अर्थ येतो तो या साखळीमुळे.

साखळीची एक कडी निसटली तर काय होते, याची नोंद इतिहासात आहे. १९९६ साली मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशात, सान होसे येथील एका रुग्णालयात उपचारयंत्रातील कोबाल्टचा स्रोत बदलण्यात आला. नव्या स्रोताचे अंशशोधन करताना ३० सेकंद आणि ०.३ मिनिट यांची गल्लत झाली. ०.३ मिनिट म्हणजे १८ सेकंद, हे सहावीतील मुलगा सांगू शकेल. त्या गल्लतीमुळे ११५ रुग्णांना ठरल्यापेक्षा कितीतरी अधिक मात्रा मिळाली आणि त्यांतील काहींचे प्राण गेले. राष्ट्रीय प्रमाण कितीही निर्दोष असले तरी दशांश चिन्हाविषयीची बेफिकिरी ते भरून काढू शकत नाही.

दुसरे उदाहरण प्रस्तुत विषयाच्या अधिक जवळचे आहे, कारण तेथे चूक घडली ती दुरुस्तीमुळे. इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट येथे १९८२ मध्ये उपचारांच्या आखणीसाठी संगणक आला. त्यापूर्वी रुग्ण आणि यंत्र यांच्यातील अंतरासाठीची दुरुस्ती कर्मचारी हाताने करीत. नव्या संगणकाच्या गणितात ही दुरुस्ती आधीच अंतर्भूत होती. तरीही कर्मचारी सवयीप्रमाणे ती पुन्हा करीत राहिले. एकच दुरुस्ती दोनदा होऊ लागली आणि १९९१ मध्ये ही गोष्ट ध्यानात येईपर्यंत एक हजाराहून अधिक रुग्णांना ठरल्यापेक्षा कमी मात्रा मिळाली. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. प्रत्येकजण काळजीपूर्वक आपले काम करीत होता. नव्या पद्धतीत काय बदलले आहे, हे मात्र कोणी पुरते विचारले नव्हते आणि कोणी पुरते सांगितलेही नव्हते.

म्हणूनच प्रमाण बदलताना अंकाहून अधिक काळजी घ्यावी लागते ती बदलाच्या नोंदीची. हा बदल कोणत्या तारखेपासून लागू आहे, प्रमाणपत्रावरील गुणक जुन्या अंकांवर आधारलेला आहे की नव्या, जुन्या गुणकाला दुरुस्ती करावयाची असल्यास ती कोण करणार आणि ती एकदाच होईल याची खात्री कोण देणार, हे सारे कागदावर स्वच्छ लिहिलेले असावे लागते. ज्या प्रयोगशाळेने निव्वळ नवा अंक कळवला आणि बाकीचे गृहीत धरले, तिने अर्धेच काम केले असे म्हणावे लागेल. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची किरणोपचार-मात्रामापनाची मार्गदर्शक संहिता २००० साली निघाली होती. तिची सुधारलेली आवृत्ती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात नवे अंक समाविष्ट केले गेले. अहवालापासून रुग्णालयातील संहितेपर्यंतचा हा प्रवास आठ वर्षांचा आहे. घाई केली नाही, म्हणून सरकारी दिरंगाईचा दोष त्याला देणे योग्य होणार नाही. एकाच शब्दाचा अर्थ साऱ्या जगात एकदम आणि गोंधळाविना बदलायचा, तर एवढा वेळ लागतो.

साखळी शाबूत आहे की नाही, हे पाहण्याची व्यवस्थाही आहे. १९६९ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि अणुऊर्जा संस्था जगभरच्या रुग्णालयांना टपालाने लहानशा मात्रामापक कुप्या पाठवीत आल्या आहेत. रुग्णालयाने आपल्या यंत्राखाली त्यांना ठराविक मात्रा द्यावयाची आणि कुप्या परत करावयाच्या. पूर्वीच्या कुप्या तापवल्यावर त्यांतून निघणाऱ्या प्रकाशावरून खरी मात्रा कळत असे. सांगितलेली आणि मोजलेली मात्रा यांत पाच टक्क्यांहून अधिक तफावत आढळली तर रुग्णालयाला विचारणा होते आणि मदतही मिळते. क्ष-किरण विभागात काम करणाऱ्यांच्या छातीवर लावलेला बिल्ला तापवल्यावर निघणाऱ्या प्रकाशाच्या त्याच तत्त्वावर चालतो. अशा कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आपल्या देशात आहे. त्या बिल्ल्यावरील आकड्याला अर्थ देणारी साखळीही प्रमाणाच्या त्याच दगडापाशी जाऊन पोहोचते.

या सगळ्याचा शाळेशी संबंध कोणता, असे वाटणे शक्य आहे. एक संबंध अगदी व्यावहारिक आहे. किरणोपचार केंद्रात डॉक्टरांच्या जोडीला वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ लागतो. रुग्णाला तो क्वचितच दिसतो, पण रुग्णाची मात्रा खरी असल्याची हमी त्याची असते. भाभा केंद्रात या विषयाचा पदविका अभ्यासक्रम १९६२ पासून चालू आहे. भौतिकशास्त्राची आवड असलेल्या, पण अभियांत्रिकीच्या रांगेत उभे राहण्याची इच्छा नसलेल्या मुलामुलींना हा मार्ग पालकांनी दाखवावा. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला ‘रोधक्षमता’ आणि ‘अनिश्चितता’ या शब्दांचे अर्थ आधीच कळलेले असतात. इंग्रजी नावे त्यांच्यावर पुढे सहज चढवता येतात.

दुसरा संबंध अधिक खोल आहे. शाळेच्या प्रयोगशाळांतून एक जुनी खोड सर्वत्र आढळते. लंबकाच्या प्रयोगात उत्तर ९.८ यावे, हे मुलांना आधीच ठाऊक असते. निरीक्षणांतून ९.५ आले की काही जण निरीक्षणेच बदलतात आणि प्रयोगवहीत ९.८ लिहून मोकळे होतात. ज्याचे उत्तर ‘बरोबर’ त्याला गुण, या रिवाजाने ही खोड मोडण्याऐवजी पोसली जाते. वस्तुतः प्रयोगशाळेने शिकवावयाचे ते हे की मिळालेला अंक जसा आहे तसा लिहावा, त्यापुढे आपल्या खात्रीची मर्यादा लिहावी आणि फरक कोठून आला असेल याचा शोध घ्यावा. ज्या मुलाने ९.५ लिहून दोऱ्याची लांबी नीट मोजली गेली नसावी, अशी टीप जोडली, त्याच्या हाती उद्या एखाद्या देशाचे प्रमाण निश्चिंतपणे सोपवता येईल. ९.८ खोटे लिहिणाऱ्याच्या हाती रुग्णाचे यंत्रही सोपवता येणार नाही. ३३.९७ हा अंक तसाच ठेवून त्याची अनिश्चितता दुपटीहून अधिक वाढवणाऱ्या तज्ज्ञांनी जे केले, ते प्रयोगवहीतील प्रामाणिकपणाहून निराळे नाही. फक्त त्यांची वही साऱ्या जगासमोर उघडी होती.

प्रमाण या शब्दाबद्दल समाजात एक गैरसमज आहे. जे कधीच बदलत नाही ते प्रमाण, असे मानण्याकडे मनाचा ओढा असतो. १८८९ पासून सेव्रच्या तिजोरीत जपलेला किलोग्रॅमचा धातूचा ठोकळा असाच अढळ मानला गेला होता. त्याची आणि त्याच्या प्रतींची तुलना केली, तेव्हा शतकभरात त्यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडल्याचे दिसले. अखेर २० मे २०१९ पासून त्या ठोकळ्याला निवृत्त करून किलोग्रॅमची व्याख्या निसर्गाच्या एका स्थिरांकावर बांधण्यात आली. ज्या वर्षाच्या आरंभी सेव्रच्या कार्यालयाने किरणमात्रेची आपली प्रमाणे सुधारली, त्याच वर्षी किलोग्रॅमही बदलला. दोन्ही वेळी प्रमाणाची प्रतिष्ठा घटली नाही. जे तपासणीला सामोरे जाते, चुकले असेल तेथे तारीख घालून दुरुस्त होते आणि दुरुस्तीची नोंद सर्वांसाठी खुली ठेवते, त्यालाच प्रमाण म्हणावे.

शाळा ही देखील समाजाने जपलेली एक मोजपट्टी आहे. तिने दिलेल्या गुणपत्रकावर पालक विश्वास ठेवतात आणि तिच्या प्रशस्तिपत्रावर पुढची दारे उघडतात. साठ वर्षांत पाठ्यपुस्तके बदलली, परीक्षापद्धती बदलल्या, विद्यार्थ्यांच्या घरांतील भाषाही बदलत गेली. या बदलांपुढे जुनी पट्टी तशीच धरून ठेवणे सोपे असते. न सांगता ती वाकवणे त्याहूनही सोपे. आपली पट्टी अधूनमधून बाहेरच्या, अधिक नेमक्या पट्टीशी ताडून पाहणे, फरक आढळल्यास तो मोकळेपणाने सांगणे आणि कोणत्या दिवसापासून काय बदलले हे पालकांना समजेल अशा शब्दांत लिहून देणे, हे कष्टाचे काम आहे. परंतु त्याच कष्टावर रुग्णालयातल्या मेजावर निजलेला माणूस आपले आयुष्य सोपवतो आणि त्याच कष्टाच्या भरवशावर आईवडील आपले मूल शाळेच्या फाटकातून आत पाठवतात.

या वास्तूतून बाहेर पडलेले आणि पुढे पडणारे विद्यार्थी ज्या क्षेत्रात जातील, तेथे त्यांच्या हातून मापात पाप घडू नये आणि आपले माप तपासून घेण्याचा त्यांना कधी संकोच वाटू नये, एवढीच हीरक महोत्सवाच्या मंगल प्रसंगी सदिच्छा.